उष्णतेची रोजनिशी : कर्करोगाच्या उपचारातील एका दुर्लक्षित त्रासाचा इतिहास

१/ डिसेंबरातील पुण्याची पहाट. घरातील सर्वांनी दुलया डोक्यावर ओढलेल्या आणि माझी मावशी मात्र पंखा लावून पलंगाच्या कडेला बसलेली, गळा व पाठ घामाने भिजलेली. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तिला दीड वर्ष झाले होते. रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी चालू होती. “डॉक्टरांना सांगितलंस का?” असे मी विचारले. ती म्हणाली, “जीव वाचला ना बाळा, आता वाफा येतात म्हणून काय तक्रार करायची!”

२/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्या वाक्याने अस्वस्थ केले. ही तक्रार करू नये, असे स्त्रियांना कधीपासून वाटू लागले? आणि ती तक्रार गांभीर्याने ऐकली गेली तेव्हा काय घडले? आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे.

३/ आरंभ ग्लासगोत होतो. १८९५ साली जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाकडे ३३ वर्षांची एक स्त्री आली. तिचा स्तनाचा कर्करोग उलटला होता आणि शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेला होता. गाईची अंडाशये काढली तर ती अधिक काळ दूध देते, ही काही देशांतील पशुपालकांची रीत बीटसनला ठाऊक होती. अंडाशय व स्तन यांचे काही नाते असले पाहिजे, असा तर्क करून त्याने त्या स्त्रीची अंडाशये काढली. गाठी विरघळल्या. १८९६ साली त्याने हा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला.

४/ इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. त्या कुळातील पहिला संप्रेरक शुद्ध रूपात हाती येण्यास १९२९ साल उजाडावे लागले. मात्र उपचाराचे सूत्र तेव्हाच ठरले : ज्या संप्रेरकावर गाठ पोसते, तो तोडायचा. या सूत्रातच आपला विषय दडलेला आहे. निसर्गतः पाळी जाण्यास काही वर्षे लागतात. अंडाशये काढली की तोच बदल एका दिवसात अंगावर कोसळतो. कर्करोगाला उपाशी ठेवणारी आणि अंगातून वाफा काढणारी घटना एकच आहे.

५/ पुढचे पान इंग्लंडमधील चेशायर परगण्यातले. आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९६२ साली एक संयुग तयार केले. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. १९७१ साली मँचेस्टरच्या ‘क्रिस्टी’ रुग्णालयातील मेरी कोल व सहकाऱ्यांनी ते कर्करोग बळावलेल्या ४६ स्त्रियांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दहा जणींना गुण आला होता. हेच टॅमॉक्सिफेन.

६/ त्या काळी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या मोठ्या मात्रांपुढे हे औषध फारच सौम्य होते, आणि त्याची ख्यातीही सौम्य म्हणूनच झाली. ती खोटी नव्हती. परंतु ‘सौम्य’ हे विशेषण तुलनेतून आलेले असते, हे आपण विसरतो. बळावलेल्या रोगात काही महिने घ्यायची गोळी पुढे शस्त्रक्रियेनंतर पाच-पाच वर्षे दिली जाऊ लागली. काही महिन्यांसाठी किरकोळ असलेला त्रास पाच वर्षांच्या रात्रींना किरकोळ राहत नाही.

७/ आकड्यांत हे दिसू लागले ते अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत. तिचे निष्कर्ष १९८९ साली आले. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के स्त्रियांनी वाफांची नोंद केली; औषधाविना पोकळ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. माहिती होती, पण तिचे स्थान ‘दुष्परिणाम’ या तक्त्यातील एका ओळीपुरते होते.

८/ मग साधा उपाय का केला नाही? इस्ट्रोजेन परत दिले की वाफा थांबतात, हे ज्ञात होते. पण गाठीला पोसणारे तेच! तरीही स्वीडनच्या पुढाकाराने ‘हॅबिट्स’ नावाची चाचणी झाली : कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांना संप्रेरके द्यावीत का? २००३ च्या डिसेंबरात ती मध्येच थांबवावी लागली. २००८ साली पूर्ण हिशेब आला. संप्रेरके घेणाऱ्या गटात ३९ जणींना कर्करोग पुन्हा झाला होता, न घेणाऱ्यांत १७ जणींना. हा मार्ग धोक्याचा ठरला.

९/ वेगळी वाट मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये सापडली. चार्ल्स लोप्रिन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एकामागून एक उपाय तपासले. इ जीवनसत्त्वाने दिवसाकाठी जेमतेम एक वाफ कमी झाली. सोयाबीनचा उपयोग दिसला नाही. आणि २००० साली व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरील औषधाच्या अल्प मात्रेने त्रास सुमारे ६१ टक्क्यांनी उतरला. पोकळ गोळीने तो २७ टक्क्यांनी उतरला होता.

१०/ या चाचण्यांचे मुख्य साधन कोणते होते? रोजनिशी. स्त्रियांनी रोज किती वाफा आल्या, किती तीव्र होत्या, हे स्वतः लिहायचे. हे मापन कोणत्याही यंत्राने नव्हे, सोसणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने केले. अस्सल कागदपत्रांच्या मागे धावणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. जी नोंद होत नाही, ती इतिहासात उरत नाही, औषधशास्त्रातही नाही.

११/ कारणही हळूहळू उलगडले. मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान राखतो. घाम फुटणे आणि कुडकुडणे यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा असतो. डेट्रॉइटच्या रॉबर्ट फ्रीडमन यांनी १९९९ साली दाखवले की वाफा येणाऱ्या स्त्रियांत हा पट्टा जवळजवळ शून्यावर आलेला असतो. चहाचा एक घोट, किंचित चिडचिड, आणि शरीर उष्णता फेकू लागते. ॲरिझोनातील नेओमी रॅन्स यांना पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मेंदूत याच भागातील काही पेशी फुगलेल्या आढळल्या होत्या. त्या धाग्यावरून पुढे नवी औषधे निघाली. त्यांपैकी एलिन्झानेटंटची चाचणी स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरकरोधक गोळ्या घेणाऱ्या ४७४ स्त्रियांवर झाली आणि २०२५ साली तिचे आश्वासक निष्कर्ष आले.

१२/ औषधाविनाही काही करता येते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील मायरा हंटर व सहकाऱ्यांनी ९६ स्त्रियांच्या चाचणीत संथ श्वसन, विचारांची दिशा बदलणे आणि झोपेच्या सवयी हे गटात शिकवले. निष्कर्ष २०१२ साली आले. वाफांची संख्या विशेष घटली नाही, मात्र त्यांचा जाच घटला, आणि सहा महिन्यांनंतरही तो कमीच राहिला.

१३/ एक इशारा महत्त्वाचा. पॅरॉक्सेटिन हे औषधही वाफांवर चालते, पण टॅमॉक्सिफेनला कार्यक्षम बनवणाऱ्या यकृतातील विकराला ते रोखते. म्हणून शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. आणि गोळी आपल्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे : इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या कर्करोगात पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पंधरा वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. अनेक स्त्रिया ती मध्येच सोडतात, आणि वाफा हे त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणूनच वाफांवरील इलाज हा लाड नव्हे, कर्करोगावरील उपचाराचाच भाग आहे.

१४/ मावशीनेही गोळ्या आठवडाभर बंद केल्या होत्या, हे तिने मला नंतर सांगितले. मग आम्ही कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने रेघा मारू लागलो : वाफेला एक रेघ, झोपमोड झाली तर फुली. महिन्याअखेर ते पान तिने डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी ते नीट वाचले आणि एक लहानशी मात्रा सुरू केली. वाफा अजून येतात. पण फुल्या क्वचितच. टॅमॉक्सिफेन रोज रात्री घेतली जाते.

१५/ बीटसनपासून आजवरच्या सव्वाशे वर्षांत शरीर तेच बोलत आले. ते लिहून घेणारे उशिरा आले. आपल्या घरात कुणी पहाटे पंखा लावून बसत असेल, तर तिच्या हाती एक पेन्सिल द्या आणि पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा.

धागा समाप्त. ज्यांच्या घरी याची गरज आहे, त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवा.