पेट्रोल-डिझेलचा पाइप घेताना रंग नको, वरची अक्षरे पाहा

ठाकुरवाडी (कर्जत-खालापूर) : आपल्याकडे चिखलणीला पॉवर टिलर, पाणी उपसायला डिझेल इंजिन आणि बाजाराला जायला मोटारसायकल आता बऱ्याच घरांत आहे. पण इंधन पोहोचवणारा वीतभर पाइप फुटेपर्यंत कोणी पाहत नाही. चिखलणीच्या ऐन दिवशी इंजिन बंद पडले की मजुरीची माणसे बसून राहतात. पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकले तर गाडी पेटू शकते.

पाइप लवकर का जातो?

ऊन, इंजिनची धग आणि उंदीर ही नेहमीची कारणे. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे ई-२० पेट्रोल २०२३ पासून पंपांवर मिळू लागले. इथेनॉलमुळे साधे रबर फुगते, मऊ पडते, पुढे तडकते. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आहे.

कशाला कोणता पाइप?

• कार्ब्युरेटरची जुनी गाडी : आत दोऱ्याची वीण असलेला नायट्राइल रबराचा फ्युएल पाइप. त्यावर ‘एसएई जे३० आर७’ असे इंग्रजीत छापलेले असते. इथेनॉलला चालतो का, तेही विचारा.

• इंजेक्शनची गाडी : एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकली अशाच. यात पेट्रोलचा दाब साधारण ३ बार, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. साधा पाइप इथे निसटतो किंवा फुटतो. कंपनीचा मूळ पाइपच घ्या आणि गॅरेजमध्येच बसवा.

• डिझेल इंजिन, टिलर : टाकी ते फिल्टर आणि फिल्टर ते पंप इथे नायट्राइल पाइप चालतो. याला बारीक चीर गेली तरी इंजिन हवा ओढते आणि बंद पडते. पंपापासून नोझलपर्यंतची नळी स्टीलचीच हवी, तिथे रबर कधीच नको.

पाण्याची पारदर्शक नळी, गॅस शेगडीची नळी आणि रेडिएटरचा पाइप यांतले काहीही इंधनाला लावू नका. पारदर्शक नळी स्वस्त पडते, पण थोड्याच दिवसांत कडक होऊन तडकते.

घेताना आणि बसवताना

जुना तुकडा दुकानात घेऊन जा. माप आतल्या भोकाचे घ्या, बाहेरच्या जाडीचे नाही. सैल पाइप तारेने आवळू नका. तार रबरात रुतते आणि तिथूनच गळती लागते. क्लिप नवीन घ्या. पाइप धारदार पात्याने सरळ कापा, सायलेन्सरपासून लांब ठेवा, कुठे दुमडू देऊ नका.

काम इंजिन थंड असताना, कॉक बंद करून, उघड्यावर करा. जवळ बिडी-काडी नको. नंतर इंजिन चालू करून पाच मिनिटे दोन्ही टोके पाहा.

कधी बदलायचा?

दर पावसाळ्याआधी पाइप वाकवून बघा. तडे दिसले, हाताला चिकट किंवा फुगलेला लागला, पेट्रोलचा वास आला, तर थांबू नका. आवणीच्या दिवसांत तालुक्याला धावण्यापेक्षा मे महिन्यातच पाइप बदललेला बरा.