पाद्री

पाद्री (पु.) : ख्रिस्ती धर्मगुरू, काटेकोर अर्थाने, बिशपच्या हस्ते गुरुदीक्षा मिळालेला रोमन कॅथलिक धर्मगुरू. मूळ पोर्तुगीज ‘पाद्रे’, त्यामागे लॅटिन ‘पातेर’, म्हणजे पिता. संस्कृत ‘पितृ’ याच कुळातला. घरच्या वडिलांना पोर्तुगीज माणूस ‘पाई’ म्हणतो. ‘पाद्रे’ त्याने मुख्यतः धर्मगुरूसाठी ठेवला. मराठीत शेवटच्या ‘ए’चा ‘ई’ झाला. पोर्तुगीजांकडूनच आलेल्या ‘चावी’तही हेच घडले आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून आधी फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आणि १५४२ मध्ये फ्रान्सिस झेव्हियर आले. शब्द मात्र किनाऱ्यावर थांबला नाही. गोव्याचे जेझुइट संघाचे धर्मगुरू १५८० मध्ये रुदोल्फो अक्वाव्हिवांसह फतेहपूर सिक्रीला अकबराकडे पोहोचले आणि फार्सी लेखनातही हा शब्द दिसू लागला. हिंदीत ‘पादरी’, तमिळमध्ये ‘पादिरी’, जपानीत तर ‘बातेरेन’: १५८७ मध्ये तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला, तो याच नावाने ओळखला जातो. इंग्रजीत लष्करातील ख्रिस्ती धर्मगुरूला आजही ‘पाद्रे’ म्हणतात.

मराठीत या शब्दाचा अर्थ सैलावला. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, पुढे स्कॉटिश आले. हे प्रॉटेस्टंट, बहुधा विवाहित. कॅथलिक पाद्र्याला ब्रह्मचर्याचे व्रत. लोकांनी दोघांनाही एकच नाव दिले. शाळा-दवाखाने चालवणारे मिशनरीही त्यातच आले. मिशनरी म्हणजे कार्यासाठी पाठवलेला. त्याला दीक्षा असेलच असे नाही. हा भेद पाळला नाही, तर एकोणिसाव्या शतकातील धर्मचर्चा नीट उलगडत नाही. हिंदू धर्मप्रचारक विष्णुबावा ब्रह्मचारींनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. अशा वादांच्या काळात विरोधकांच्या तोंडी ‘पाद्री’ला हेटाळणीची धारही आली, आणि ती पुरती गेलेली नाही.

म्हणून मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मगुरूला सहसा या नावाने हाक मारत नाही. वसईचे कॅथलिक ‘फादर’ म्हणतात, लेखनात ‘धर्मगुरू’ लिहितात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘पाळक’ चालतो. नावामागे ‘रेव्हरंड’ लागते, जसे रेव्हरंड ना. वा. टिळक. मराठी बायबलमधील ‘याजक’ मात्र वेगळा, तो यरुशलेमच्या मंदिरात यज्ञबली अर्पण करणारा. उस्मानाबादच्या २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो महाराष्ट्रभर ओळखले गेले ते ‘फादर’ म्हणूनच.