ज्यूडी ब्लूम

ज्यूडी ब्लूम (जन्म: १२ फेब्रुवारी १९३८; एलिझाबेथ, न्यू जर्सी) या बालक आणि किशोरवयीन वाचकांसाठी लेखन करणाऱ्या अमेरिकन कादंबरीकार आहेत. वयात येताना होणारे शारीरिक बदल, मासिक पाळी, धर्माविषयीच्या शंका, आईवडिलांचा घटस्फोट आणि पहिले प्रेम हे विषय त्यांनी बहुधा मुलींच्याच तोंडून, आडपडदा न ठेवता मांडले. त्यांची पुस्तके जगभर कोट्यवधी प्रतींच्या संख्येने खपली असून अनेक भाषांत अनुवादित झाली आहेत. अमेरिकेतील शालेय ग्रंथालयांतून वारंवार हटवल्या गेलेल्या पुस्तकांतही त्यांची पुस्तके आढळतात.

जीवन

ब्लूम यांचे माहेरचे आडनाव ससमन. त्यांचे वडील दंतवैद्य होते. न्यू यॉर्क विद्यापीठातून त्यांनी १९६१ मध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. दोन मुलांचा सांभाळ करीत असताना त्या लेखनाकडे वळल्या. त्यांचे पहिले पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लोरिडातील की वेस्ट येथे त्यांनी पती जॉर्ज कूपर यांच्यासह २०१६ मध्ये ना-नफा तत्त्वावरील पुस्तकांचे दुकान सुरू केले.

प्रमुख कादंबऱ्या

'आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट' (१९७०) या कादंबरीने ब्लूम यांना ख्याती मिळवून दिली. तिची नायिका अकरा वर्षांची असून न्यू यॉर्क शहरातून न्यू जर्सीच्या उपनगरात राहायला आलेली आहे. वडील ज्यू आणि आई ख्रिस्ती असल्याने आपला धर्म कोणता, हा प्रश्न तिला पडतो. मैत्रिणींप्रमाणे आपल्यालाही पाळी कधी येणार, या चिंतेबद्दल ती थेट देवाशी बोलते.

'डीनी' (१९७३) मधील मुलीने मॉडेल व्हावे अशी तिच्या आईची इच्छा असते. परंतु मणक्याच्या विकारामुळे तिला अनेक वर्षे आधारपट्टा घालावा लागणार असतो. 'ब्लबर' (१९७४) मध्ये वर्गातील एका लठ्ठ मुलीचा छळ दाखवला आहे. ही कथा छळ सोसणाऱ्या मुलीने नव्हे, तर त्या छळात सामील झालेल्या वर्गमैत्रिणीने सांगितली आहे. 'फॉरएव्हर' (१९७५) ही प्रेमकथा ब्लूम यांनी आपल्या मुलीच्या सांगण्यावरून लिहिली. शारीरिक संबंधांची शिक्षा म्हणून नायिकेच्या वाट्याला मृत्यू किंवा सर्वनाश न येणारी गोष्ट मुलीला वाचायची होती. 'टायगर आइज' (१९८१) मध्ये वडिलांच्या हत्येनंतर सावरणारी पंधरा वर्षांची डेव्ही भेटते.

आक्षेप आणि बंदी

'मार्गारेट'च्या प्रती ब्लूम यांनी आपल्या मुलांच्या शाळेला भेट दिल्या होत्या. मात्र पाळीच्या उल्लेखामुळे मुख्याध्यापकांनी त्या ग्रंथालयात ठेवल्या नाहीत. १९८० नंतर अशा आक्षेपांत मोठी वाढ झाली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या काळात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली. तीत ब्लूम यांची पाच पुस्तके होती.

'टायगर आइज'मधील लैंगिकतेसंबंधीचा एक छोटा मजकूर त्यांनी संपादकांच्या सल्ल्यावरून गाळला होता. या तडजोडीची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. पुस्तकबंदीविरुद्ध काम करणाऱ्या 'नॅशनल कोअलिशन अगेन्स्ट सेन्सॉरशिप' या संस्थेशी त्या दीर्घकाळ निगडित आहेत. आक्षेपांना तोंड द्यावे लागलेल्या लेखकांच्या कथांचा 'प्लेसेस आय नेव्हर मेन्ट टू बी' (१९९९) हा संग्रह त्यांनी संपादित केला. हा वाद अद्याप मिटलेला नाही. युटा राज्याने २०२४ मध्ये सार्वजनिक शाळांतून हटवण्यासाठी जाहीर केलेल्या तेरा पुस्तकांत 'फॉरएव्हर'चा समावेश होता.

वाचकांची पत्रे

घरी विचारता न येणारे प्रश्न हजारो मुलामुलींनी पत्रांतून ब्लूम यांना विचारले. त्यांतील निवडक पत्रे 'लेटर्स टू ज्यूडी' (१९८६) या पुस्तकात आहेत. त्यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जतन केली असून त्यांत वाचकांच्या पत्रांचाही समावेश आहे.

पुरस्कार आणि चित्रपट

ब्लूम यांना १९९६ मध्ये किशोर साहित्यासाठीचा मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार आणि २००४ मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचे विशेष योगदान पदक मिळाले. 'टायगर आइज'वरील चित्रपटाचे (२०१२) दिग्दर्शन त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्लूम यांनी केले. 'मार्गारेट'वरील चित्रपट केली फ्रेमन क्रेग यांच्या दिग्दर्शनाखाली २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी 'ज्यूडी ब्लूम फॉरएव्हर' हा त्यांच्यावरील माहितीपटही आला.