पिझ्झा भट्टी, घरगुती

पिझ्झा भट्टी, घरगुती : लाकूड जाळून तापवायची, विटांच्या घुमटाची भाजणभट्टी. हिच्यात जाळ आणि भाजायचा पदार्थ एकाच कोठीत असतात. चूल जाळ असेपर्यंतच उपयोगी पडते; ही भट्टी मात्र आधी विटांच्या वजनदार कवचात उष्णता साठवते आणि जाळ ओसरल्यावरही ती कित्येक तास परत देत राहते. पिझ्झ्याला खालून फरशीची धग लागते आणि वरून घुमटाची. घुमटाला घासून फिरणाऱ्या गरम हवेने त्याच्या कडा फुलतात.

पूर्वपीठिका : इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात अशा घुमटाकार पावभट्ट्या सापडल्या आहेत. पिझ्झ्याची भट्टी नेपल्समध्ये रूढ झाली. तेथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पिझ्झा कारागिरांच्या संघटनेने भट्टीचे तापमान आणि भाजण्याचा वेळ (६० ते ९० सेकंद) यांचे नियम घालून दिले. नेपल्सच्या पिझ्झा कारागिरीचा २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. आपल्याकडे याच जातीची भट्टी पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या पोदेरांकडे (पाव भाजणाऱ्यांकडे) आणि पुढे मुंबईच्या पाव-बेकऱ्यांत आली. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात. बंदिस्त घुमट तिथे नसला, तरी साठलेल्या धगीवर कणीक भाजण्याचे तत्त्व तेच आहे.

कोरपना परिसरातील साहित्य : चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना हा चुनखडकाचा आणि सिमेंटचा तालुका. आवारपूर आणि गडचांदूर येथे मोठे सिमेंट कारखाने आहेत. साहजिकच बांधकाम म्हटले की इथे पहिला हात सिमेंटच्या पोत्याकडे जातो. भट्टीच्या ओट्याला सिमेंट चालते, तिच्या पोटात मात्र नुसता सिमेंट-वाळूचा माल वापरू नये. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये रासायनिकरीत्या बांधलेले पाणी असते. तापल्यावर ते निघून जाऊ लागते आणि ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइडही फुटते. भट्टी निवल्यावर हवेतला ओलावा शोषून ते पुन्हा फुगते आणि सांधे भुसभुशीत होतात. चुनखडकापासून सिमेंटचा क्लिंकर तयार होतो, त्या फिरत्या भट्टीत माल सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापतो. म्हणूनच कारखान्याच्या भट्टीलाही आतून उच्च उष्णता सोसणाऱ्या विटांचेच अस्तर द्यावे लागते.

घुमटाच्या जोडणीसाठी फायर क्ले (उच्च उष्णता सोसणारी माती), बारीक चाळलेली वाळू आणि चुना यांचा माल घेतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा चुनखडकाच्या रूपात येतो आणि ते रूप ८०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. लवकर पकड यावी म्हणून काही गवंडी या मालात थोडे सिमेंट मिसळतात. पुढे तापून सिमेंट निकामी झाले, तरी चुना आणि माती विटा धरून ठेवतात. शेतातली काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते, त्यामुळे ती नुसती वापरू नये. औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा ओट्यापुरत्याच योग्य. फरशी आणि घुमट उष्णता सोसणाऱ्या फायर ब्रिक विटांचे असावेत. त्या न परवडल्यास घुमटाला चांगल्या भाजलेल्या, खणखणीत वाजणाऱ्या लाल विटा चालतात. त्यांचे आयुष्य मात्र कमी असते.

मापे व बांधणी : घरगुती भट्टीचा आतला व्यास ८० ते १०५ सेंमी. पुरतो. ९० सेंमी. व्यास धरल्यास घुमटाची आतली उंची ४५ सेंमी. आणि तोंडाची उंची सुमारे २८ सेंमी. येते. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या जवळ ठेवण्याचा प्रघात आहे. तोंड त्याहून उंच ठेवले तर उष्णता बाहेर पळते आणि फार बुटके केले तर धूर कोंडतो. धुराडे घुमटाच्या माथ्यावर नसते. ते तोंडाच्या लगेच बाहेर, पुढच्या कमानीवर बसवतात, म्हणजे गरम हवा घुमटात फिरूनच बाहेर पडते.

ओटा साधारण कमरेच्या उंचीचा बांधतात. त्यावर उष्णतारोधक थर येतो आणि मग फरशी. फरशीच्या विटा वाळू व फायर क्लेच्या पातळ थरावर मालाशिवाय, अंगाला अंग लावून बसवतात. त्यामुळे तडकलेली वीट पुढे बदलता येते. घुमटाच्या विटा अर्ध्या करून वाळूच्या ढिगाच्या किंवा लाकडी साच्याच्या आधाराने रचतात. बाहेरून सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट किंवा व्हर्मिक्युलाइटचा जाड थर देतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील धानपट्ट्यात मिळणारी तुसाची राख हाही चांगला उष्णतारोधक आहे, पण तो कोरडा राहिला पाहिजे. थर ओला झाला की त्याचा उपयोग संपतो. म्हणून गिलाव्यावर भागत नाही, भट्टीवर पत्र्याचे छप्पर हवेच.

पहिली आग : नव्या भट्टीतील ओल हळूहळू काढावी लागते. बांधकाम आठवडाभर सावलीत सुकल्यावर पाच-सहा दिवस रोज लहान जाळ करतात आणि तापमान १०० अंशांपासून पायरीपायरीने वाढवतात. पहिल्याच दिवशी मोठा जाळ केल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन घुमट तडकतो.

इंधन व वापर : बाभळीसारखे कठीण, चिरून सहा महिने वाळवलेले लाकूड उत्तम. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) भराभर पेटतात, म्हणून त्या जाळ धरवण्यास सोयीच्या; पण कपाशीवर फवारणी झालेली असते, तेव्हा अन्न आत असताना पऱ्हाटी जाळू नये. रंगवलेले लाकूड आणि प्लायवुड कधीच वापरू नये. राखीव वनातून विनापरवाना लाकूड तोडणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

दीड-दोन तासांच्या जाळाने घुमटावरची काळी काजळी जळून विटा पुन्हा उजळ दिसू लागतात. मग निखारे बाजूला सारून फरशी ओल्या फडक्याने पुसतात. ४०० अंशांच्या पुढे पिझ्झा, २५० अंशांच्या खाली आल्यावर पाव व रोडगे, त्यानंतर भरताची वांगी, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या उबेत पुढच्या वेळचे लाकूड सुकवणे असा क्रम ठेवल्यास सरपण वाया जात नाही.

धूर व नियम : ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्या आणि हॉटेलांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. हा आदेश घरगुती भट्टीसाठी नव्हता. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती, हे लक्षात घेऊन या जिल्ह्यात ओले लाकूड टाळणे आणि धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर ठेवणे आवश्यक आहे. भट्टी गोठा, कडब्याची गंजी आणि कापसाचा साठा यांपासून लांब असावी.

मूल्यमापन : महिन्याकाठी एखादा पिझ्झा करणाऱ्या छोट्या कुटुंबाला ही भट्टी परवडत नाही. एका पिझ्झ्यासाठीही संपूर्ण घुमट तापवावाच लागतो, तेव्हा तिथे गॅसचा ओव्हनच बरा. चार-पाच घरांनी मिळून एकाच जाळावर दिवसभराचे भाजून घेतले, तरच तिचा खर्च आणि सरपण सार्थकी लागते.