बोरघाटाचा उतार आणि मालमोटारीचे सारथी

मुंबईहून पुण्यास जाणारा हौशी प्रवासी बोरघाटाचे कौतुक करतो ते घाट चढताना. परंतु ज्यांचे पोट या घाटावर अवलंबून आहे, त्या मालमोटारी हाकणाऱ्यांस विचाराल, तर चढाविषयी ते फारसे बोलणार नाहीत. चढावर गाडी दमते, फार तर थांबते. सारथ्याची खरी परीक्षा होते ती उतरताना. म्हणून आज घाटाच्या उताराचा इतिहास आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

घाट फार प्राचीन. कार्ले-भाजे येथील लेणी कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेच्या आश्रयाने वाढली, ती वाट याच सह्याद्रीतून उतरे. मात्र शतकानुशतके माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. चाकाची गाडी घाटातून नेणे इतके दुर्घट होते की, साहेबलोकांच्या बग्ग्या सुट्या करून, दांड्यांस बांधून मजुरांच्या खांद्यांवरून न्याव्या लागत. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत येथे गाडीरस्ता खुला झाला. त्या रस्त्याने घाटात चाक आले, आणि चाकामागोमाग वेगही आला.

१८६३ साली आगगाडी घाट चढू लागली. सुमारे १६ मैलांत १८३१ फुटांची चढण, आणि कोठे कोठे तर ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र उतार! या उतारावर सुटलेली गाडी आवरणे मनुष्याच्या हाती राहत नाही, हे रेल्वेच्या अभियंत्यांनी ओळखले. त्यांनी मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या चढावर जाणारे आडरूळ बांधले. त्यांस कॅच सायडिंग म्हणतात. यातील मौजेची गोष्ट अशी की, सांधा एरवी या आडरुळाकडेच लावून ठेवावयाचा. उतरणाऱ्या गाडीने अगोदर पूर्ण थांबून आपला ब्रेक शाबूत असल्याचे दाखवावे, तेव्हाच तिला पुढील वाट मिळावी. म्हणजे प्रत्येक गाडी बेताल झालेली आहे असेच गृहीत धरावयाचे! चालक कितीही निष्णात असो, त्याच्या कीर्तीवर भिस्त ठेवावयाची नाही. नम्रता हा गुण आपण संतांपाशी शोधतो. येथे तो लोखंडात ओतलेला आहे.

सडकेवर अशी सोय नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकावयास काढलेल्या मोटारी मालवाहतुकीत आल्या. १९५४ पासून टेल्को कंपनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने येथेच मालमोटारी बांधू लागली. भार वाढला, एंजिनाचे बळ वाढले. उतार मात्र होता तेवढाच राहिला.

या उताराचे गणित एकदा समजून घेण्याजोगे आहे. १६ टन वजनाची मोटार ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी शक्ती मोकळी होते, तिने सुमारे २५० लिटर थंड पाणी उकळू शकेल. ती सारी उष्णता कोठे तरी गेलीच पाहिजे. सारथी केवळ ब्रेकवर पाय दाबून उतरला, तर ती चाकांतील ब्रेकच्या ढोलांत साठते. ढोल तापून फुगतात, घासणारे अस्तर पकड सोडते, आणि पाय कितीही जोराने दाबला तरी मोटार थांबत नाही. म्हणून जुन्या उस्तादांचा दंडक असा की, ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. म्हणजे एंजिनच चाकांस धरून ठेवते. याच्या उलट काही जण चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून, प्रसंगी एंजिनही बंद करून, मोटार घरंगळत सोडतात. एंजिन बंद झाले की ब्रेकला हवा पुरविणारा पंपही बंद पडतो, हे त्यांच्या गावी नसते. याला मी धाडस म्हणणार नाही. हा निव्वळ गर्व आहे, आणि त्याचे मोल बहुधा समोरून येणारा कोणी तरी देतो.

खोपोलीच्या वर जुन्या सडकेच्या कडेला शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांस घाटाची वाट दाखविली आणि बक्षिसादाखल देशाचे स्वातंत्र्य मागितल्यामुळे प्राण गमाविले, अशी दंतकथा आहे. वाट मुळातच प्राचीन असल्याने इतिहास म्हणून ही कथा मला पटत नाही. परंतु मोटारवाले येथे वेग कमी करतात, नाणे टाकतात, हात जोडतात. देवभक्तीचे राहो, पण जेथे गाडीचा वेग उतरतो, त्या देवळाचा उपयोग मी तरी कमी लेखणार नाही.

आता सारा दोष सारथ्याच्या माथी मारणे हाही एक अन्यायच. १८३० मध्ये बांधलेला, पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेलेला पूल द्रुतगती मार्गाच्या वळणावर आपले खांब रोवून उभा होता. तो ५ एप्रिल २०२० रोजी सुरुंग लावून पाडला, तोवर तेथे वाहनांची कोंडी होतच राहिली. तसेच श्रमाच्या तासांचे. १९३९ च्या मोटार कायद्याने सारथ्याच्या तासांस मर्यादा घातली; १९६१ च्या मोटार कामगार कायद्याने दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरविले. परंतु खेपेवर पैसे मिळविणाऱ्याचे घड्याळ निराळे असते. शिवाय दख्खनचा माल मुंबईस किंवा न्हावाशेवा बंदरास न्यावयाचा, म्हणजे हा उतार येतो तो शेकडो मैलांच्या प्रवासाअखेरीस; पुष्कळदा पहाटे, डोळे मिटू लागतात नेमके तेव्हा.

अशा वेळी जुना उस्ताद खंडाळ्याच्या अलीकडे मोटार बाजूस घेतो. क्लीनर उतरून चाकामागे दगड लावतो, टायरांवर दांडका मारून आवाज ऐकतो, ढोलाजवळ हात नेऊन उष्णता पाहतो. चहा होतो. मग तो दगड आठवणीने उचलून रस्त्याबाहेर टाकतात (घाटात राहिलेला एकच दगड मागून येणाऱ्याचा काळ ठरतो), आणि मोटार खालच्या गिअरमध्ये उताराला लागते.