कोलंबियाचा फोटो आणि शिष्यवृत्तीची अट



१४ एप्रिल आला की वस्तीत तो फोटो लागतो. अंगात पदवीचा झगा, डोक्यावर टोपी, खाली कोलंबिया. हल्ली कॉलेजवाल्यांनीही तो उचललाय. आवारात मांडव पडतो, देशोदेशीचे झेंडे लागतात, परदेशी शिक्षणाचा मेळावा म्हणून एजंट लोक गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका वाटतात आणि दारातच बाबासाहेब. माइकवरचा माणूस म्हणतो, ते गेले, तुम्हीही जा. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत दोन गोष्टी कुणी विचारत नाही. जायचे पैसे कुणी दिले? आणि तिथं जाऊन ते शिकले काय?

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. शाळा दहावीत सुटली. कॉलेजचं आवार मला बाहेरूनच माहीत. पण महाराष्ट्र शासनाने १९७९ साली छापलेला बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड मी रात्रपाळी सुटल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलाय. एका पानाला आठवडा लागला असंही झालं. तेव्हा या दोन प्रश्नांवर बोलायचा हक्क मला आहे.

आधी थोडं जुनं. समुद्र ओलांडणं हे पाप होतं म्हणे. परत आलं की प्रायश्चित्त घ्यायचं, नाहीतर वाळीत पडायचं. आनंदीबाई जोशी १८८३ ला अमेरिकेला निघाल्या तर त्यांना आधी भरसभेत उभं राहून आपण का जातो हे सांगावं लागलं. १८८६ ला त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. बाईच्या हिमतीला माझा सलाम. पण जात बुडायची ही भीती ज्यांना जात राखायची होती त्यांची. आमच्याकडं बुडायला काय होतं? ज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता त्यांना समुद्राची बंदी कोण घालणार? आमची अडचण साधी होती, तिकिटाला पैसे नव्हते.

सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ ला गेले. घराचा आधार गेला. त्यानंतर चार महिन्यांनी, ४ जूनला, बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाच्या करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, ३ वर्षं. नेमून दिलेले विषय शिकायचे आणि परत येऊन १० वर्षं संस्थानची नोकरी करायची. सयाजीराव महाराजांचं ऋण बाबासाहेबांनी कधी लपवलं नाही. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो महाराजांनाच अर्पण केलाय. पण करार तो करारच. तो पुढं कसा फिरला ते सांगतोच.

जुलै १९१३ ला ते न्यूयॉर्कला पोचले तेव्हा वय २२. आठवडाभर हार्टली हॉल या वसतिगृहात काढला. मग ११४ व्या रस्त्यावर देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या कॉस्मोपॉलिटन क्लबने चालवलेली जागा होती तिथं गेले. काही हिंदी पोरंही तिथं होती. नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी दोस्ताबरोबर राहिले. आज ज्याला आंतरराष्ट्रीय कॅम्पस म्हणून मिरवतात ते हेच. झेंडे होते की नव्हते कुणास ठाऊक. पण एका टेबलावर जेवायचं, एका खोलीत झोपायचं आणि जात कुणी विचारायची नाही, हे होतं. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलंय. अर्थात अमेरिका काही स्वर्ग नव्हता. त्याच वर्षांत दक्षिणेतल्या काळ्या माणसाला शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा. तिथली वेस आपल्या माणसाला आडवी आली नाही, एवढंच.

आणि अभ्यास किती? अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन असे मास्तर. १९१५ ला एम.ए. झाले, प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर.

आता मुद्द्याची तारीख. ९ मे १९१६. गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात बाबासाहेबांनी एक निबंध वाचला, ‘कास्ट्स इन इंडिया’. वय २५. मघाशी म्हणालो त्या पहिल्या खंडात सुरुवातीलाच तो आहे. साध्या बोलीत सांगायचं तर असं. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, बाकी सगळं त्याच्यामागून आलेलं. ही लग्नं टिकवायची तर बाया आणि पुरुष यांचा आकडा जुळला पाहिजे. नवरा आधी मेला की बाई जादा उरते. ती बाहेर लग्न करील तर जात फुटली, आत करील तर दुसऱ्या पोरीच्या वाटणीचा नवरा गेला. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको आधी मेली की पुरुष जादा उरतो. त्याला कोण जाळतंय! त्याला अजून वयात न आलेली पोर द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह – ज्याला धर्म म्हणून हात जोडले ते आकडा जुळवायचे उपाय निघाले. आणि दार पहिल्यांदा लावून घेतलं ब्राह्मणांनी. बाकीच्यांपैकी काहींनी त्यांचं बघून लावलं, काहींना ते बाहेरून लागलेलं सापडलं.

मी ही पानं वाचली तेव्हा घरातल्या तीन बाया डोळ्यांसमोर आल्या. नावं सांगत नाही.

हे मुंबईत बसून लिहून झालं नसतं का? बाबासाहेबांनी कुठंही लिहिलं असतं. पण १९१६ साली इथल्या कुठल्या वर्गात ते वाचता आलं असतं? इथं समोर बसणाऱ्याला त्या उत्तरात स्वतःचं घर दिसलं असतं. तिथं ऐकणाऱ्याचं काही जळत नव्हतं, तो फक्त मांडणी बरोबर की चूक एवढं बघणार. परदेशी कॅम्पसचा मोठा उपयोग मला हा वाटतो. आपल्या देशापासून चार हात लांब उभं राहून आपला देश उघडून बघता येतो. मे १९१७ ला हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. १९३६ चं ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ याच पायावर उभं आहे असं माझं मत.

पुढची हकिगत तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर. १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून ऑगस्ट १९१७ ला मुंबई. सामान वेगळ्या बोटीने येत होतं, ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली. करार पाळायला बडोद्याला गेले. अकौंटंट जनरलच्या कचेरीत नेमणूक झाली, पण राहायला गावात जागा मिळेना. पारशी असल्याचं सांगून पारशांच्या सरायीत दिवसाला दीड रुपया देऊन राहिले. ११ व्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं दारात. गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून काढली. करारात नोकरीची अट होती, त्या नोकराला डोक्यावर छप्पर देण्याची नव्हती.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी उसने दिले, तेव्हा कुठं जुलै १९२० ला परत लंडन गाठलं. बॅरिस्टरी १९२२, डी.एस्सी. १९२३. ‘ते गेले, तुम्हीही जा’ म्हणणाऱ्याने हा जमाखर्च एकदा वाचून दाखवावा.

बाबासाहेब तो विसरले नाहीत. १९४२ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, त्यात आपल्या पोरांना परदेशी शिकायला सरकारने पैसे द्यावेत ही मागणी होती. १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. वाढत वाढत ती १२५ जागांवर आली, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींच्या. एवढ्या मोठ्या देशाला ११५!

आणि २०२२ च्या फेब्रुवारीत नियम बदलला. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण असं दिलं गेलं की आपल्याच देशाचा अभ्यास करायला बाहेर कशाला जायचं, इथं जाणकार आहेत. आहेत की! १९१६ लाही होते. आता बाबासाहेबांचे विषय त्या अटीला लावून बघा. प्राचीन भारतातला व्यापार, म्हणजे इतिहास. बाद. भारतातल्या जाती. बाद. रुपयाचा प्रश्न कदाचित सुटला असता, अर्थशास्त्र म्हणून. बडोद्याचा करारही विषय नेमून देत होता, त्याला मी उदार म्हणत नाही. पण आपल्या देशाबद्दल लिहू नकोस असं त्यात नव्हतं.

२०२५ च्या जुलैत आणखी एक झालं. १०६ जण निवडले गेले, पण सुरुवातीला पत्रं गेली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, पैसे असतील तर. १९१७ ला मुदत तरी संपली होती, या पोरांचं अजून विमानही सुटलं नव्हतं.

तेव्हा कॉलेजात मांडव पडला की आपण आत जायचं. फोटोला हार घालायचा आणि माइकवरच्या माणसाला शिष्यवृत्तीचे नियम विचारायचे, विषयाच्या अटीसकट. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची वेगळी परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती मराठीत लिहून वस्तीच्या वाचनालयात लावायची. तुमच्या तालुक्यात कुणाला अर्जासाठी विषय बदलावा लागला असेल, मनातला प्रबंध सोडून दुसराच लिहावा लागला असेल, तर नाव न घालता लिहून पाठवा. मूळ विषय काय होता ते मात्र नक्की लिहा. पुढच्या अंकात त्या विषयांची यादी छापू.