नथू, सटवाजी, रखमाजी

अंबड, घनसावंगी, परतूर हे जालना जिल्ह्यातले गोदाकाठचे तालुके. इथल्या जुन्या पिढीतल्या पुरुषांची नावं एकदा लक्ष देऊन ऐकावीत. अंबादास, तुळजाराम, गंगाराम, रखमाजी, सटवाजी, नथू. यातल्या जवळजवळ प्रत्येक नावात एक बाई आहे. कुठे देवी आहे, कुठे नदी, तर नथूमध्ये बाईच्या नाकातला दागिना. मुलाला बाईचं नाव देण्याच्या या चालीला दोन वेगळी मुळं आहेत. एक भक्तीचं, दुसरं भीतीचं. दोन्ही एकत्र बांधली की चालीचा अर्थच हरवतो.

भक्तीचं मूळ सरळ आहे. देवीला नवस बोलून झालेला मुलगा तिच्या नावाने ओळखला जाई. अंबडच्या माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. नवरात्रात जिथे यात्रा भरते त्या मुलखात घरोघरी अंबादास असणं स्वाभाविकच. नाव पुरुषाचं करायला फारसं काही लागत नसे. रखुमाईचा झाला रखमाजी, अंबेचा अंबाजी, गोदेचा गोदाजी. मागे जी, राव, दास किंवा राम लावला की पुरे. या नावांनी कुणाच्या मर्दानगीला बाधा आली नाही. गोदाजी जगताप शिवकालात पुरंदरच्या लढाईत गाजले, अंबाजी इंगळे महादजी शिंद्यांचे सरदार होते आणि जतच्या डफळे घराण्याचे कर्तबगार पुरुष सटवाजीराव.

सटवाजी हे नाव मात्र दोन मुळांच्या सांध्यावर उभं आहे. सटवाई ही बाळंतघराची देवी. पाचव्या-सहाव्या रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी श्रद्धा. म्हणून पाचवी पुजायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्र जागवायची. नेमकी हीच रात्र का? विळ्याने नाहीतर दगडाने नाळ कापली जाई आणि तिथून धनुर्वात शिरे. नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसतात. बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो. रोगाचं नाव ठाऊक नसलं, तरी कोणत्या दिवसांत बाळं जातात हे सुईणींना आणि आज्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या रात्रीतून वाचलेलं मूल सटवाईचंच. ज्या बायांनी ही रात्र ओळखली त्यांना मी अडाणी म्हणणार नाही.

आता भीतीचं मूळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. एखाद्या घरात लागोपाठ मुलगे जात. ‘मुलं जगत नाहीत’ एवढ्या तीन शब्दांत ते दुःख सांगितलं जाई. मग पुढचा मुलगा लपवायचा. उकिरड्यावर ठेवून उचलायचा, तो कचरू. सुपात घालायचा, तो सुपडू. दुसऱ्याच्या पदरात टाकून भीक म्हणून परत मागायचा, तो भिका. दगडू, धोंडू त्याच वाटेचे. सर्वांत पक्का उपाय म्हणजे मुलाला मुलगीच करायचं. नाक टोचून नथ घालायची, केस वाढवायचे, परकर नेसवायचा आणि हाक मारायची नथू.

याचं महाराष्ट्राला ठाऊक असलेलं उदाहरण नथुराम गोडसेचं. 19 मे 1910 रोजी बारामतीला जन्मलेल्या या मुलाचं नाव रामचंद्र. आधीचे तीन भाऊ लहानपणीच गेले होते, म्हणून त्याचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवलं आणि रामाच्या आधी नथ आली. गांधीहत्येमुळे हे नाव काळवंडलं. पण त्या नावाची चाल त्याच्याही कितीतरी आधीची आहे आणि ती महाराष्ट्रापुरती नाही. उत्तरेकडे नत्थू आहेत, बुलाक या नाकातल्या दागिन्यावरून बुलाकीदास आहेत. बंगालात पाच कवड्यांना विकत घेतल्याचं सोंग करून मुलाला पाचकडी म्हणत. आयर्लंडच्या पश्चिमेला परीनं पळवू नये म्हणून मुलग्यांना घागरे घालत.

या चालीतल्या आईबद्दल मला माया आहे, पण चालीतलं गणित निष्ठुर आहे. दृष्ट लागते ती हव्याशा वस्तूला. मुलगी कुणालाच नकोशी, म्हणून तिच्याकडे मृत्यूही वळून पाहणार नाही, या खात्रीवर नथ ढाल बनली. त्याच खात्रीचं दुसरं टोक सातारा जिल्ह्यात दिसलं. तिथे खऱ्या मुलींचं नाव ‘नकुशा’ ठेवलं जाई. 2011 मध्ये जिल्हा परिषदेने अशा 285 मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत गोदेपलीकडच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली फक्त 807 होत्या. मुलग्याला मुलीचं नाव देऊन जगवणाऱ्या मुलखात मुलीलाच जन्म नाकारला गेला.

नथूची गरज डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी संपवली. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन, दवाखान्यातलं बाळंतपण, निर्जंतुक पात्याने कापलेली नाळ. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. आता बारशाला आत्या बाळाच्या कानात जे नाव सांगते, ते आवडीचं असतं.

रखमाजी, गोदाजी ही नावं मात्र परत यावीत असं मला मनापासून वाटतं. त्यांत बाईचा मान आहे. आणि तुमच्या घराण्यात कुणी नथू, कचरू किंवा सटवाजी होऊन गेले असतील, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच विचारून ठेवा. त्यांच्या आधी किती भावंडं गेली, नाक कुणी टोचलं, नवस कोणत्या देवीचा होता, हे सारं लिहून काढा. शाळेच्या दाखल्यावर यातलं काहीच सापडणार नाही.